एका अर्जाच्या निमित्ताने

माहिती व्यवस्थापन या विषयाच्या पदव्युत्तर पदवीसाठी मी गेल्या हिवाळ्यात इंग्लंडमधील एका विद्यापीठाकडे अर्ज केला. ही वार्ता गावी पोहोचल्यापासून आप्तेष्ट मला एकच प्रश्न विचारीत आहेत : हे शिक्षण नेमके कशाचे? डॉक्टर, वकील, अभियंता, प्राध्यापक हे शब्द आपल्या समाजाने मोठ्या कष्टाने आपलेसे केले. आमच्या वस्तीतील अक्षरशून्य आजीलाही त्यांचा अर्थ कळतो. ‘माहिती व्यवस्थापन’ या शब्दाला मात्र तेथे अद्याप ओळख नाही. कोणी म्हणतात, “म्हणजे कॉम्प्युटरचंच ना?” कोणी म्हणतात, “त्याच्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहिण्याची सूचना आली, तेव्हा या प्रश्नांचे उत्तर येथेच द्यावे असे वाटले. त्या उत्तराचा प्रारंभ माहूरच्या या शाळेत झालेला आहे आणि त्याचा काही भाग आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, पत्र्याच्या पेटीत, पडून आहे.

सातवीत असताना वसतिगृहाच्या ग्रंथालयातील देवघेव वही माझ्या हाती सोपवण्यात आली. ग्रंथालय म्हणजे दोन लोखंडी कपाटे आणि एक टेबल. रविवारी सकाळी वंदना झाली, कपडे धुऊन वाळत घातले, की मी त्या टेबलाशी बसे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लाल शाईने दाखल क्रमांक लिहिलेला असे. तो क्रमांक, पुस्तकाचे नाव, नेणारीचे नाव आणि परतीची तारीख इतकेच मला लिहायचे होते. एकदा एक पुस्तक सापडेना. मी दोन्ही कपाटे रिकामी करायला घेतली, तेव्हा सर म्हणाले, “आधी वही नीट बघ, मग कपाट उघड.” वही पाहिली. एकाच चरित्राच्या दोन प्रती होत्या आणि परत आलेली प्रत दुसऱ्या क्रमांकापुढे जमा झाली होती. पुस्तक जागेवरच होते. त्या दिवाळीच्या सुट्टीत सरांनी मला कोऱ्या कागदांचा दस्ता आणून दिला. लेखकांच्या नावांनी एक आणि विषयवार एक अशा दोन याद्या मी तयार केल्या. पुढील सत्रात पाचवीच्या मुली “विज्ञानाच्या गोष्टी कुठं आहेत?” असे विचारत येऊ लागल्या आणि देवघेव वहीची पाने पूर्वीपेक्षा लवकर भरू लागली. कपाटे दोनच होती, पुस्तकेही तीच होती. त्यांच्याकडे जाण्याची वाट तेवढी नवी झाली होती.

नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची संगणकशास्त्रातील पदवी घेतल्यावर मी तेथेच एका सेवा केंद्रात नोकरी धरली. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, पीकविमा, निराधार योजना यांचे अर्ज भरून देणे हे माझे काम. पाच वर्षांत किती अर्ज भरले याची मोजदाद नाही; परंतु माणसे कोठे अडतात हे पक्के समजले. एकाच बाईचे नाव एका कागदावर सरूबाई, दुसऱ्यावर सरस्वती आणि तिसऱ्यावर सरसाबाई असते. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक आणि ओळखपत्रावर १ जानेवारी असते. वडिलांच्या आडनावाऐवजी गावाचे नाव लिहिलेले असते. त्या बाईचा हक्क कायद्याने मान्य केलेला असतो, निधीही मंजूर झालेला असतो. दोन कागदांवरील दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत, एवढे सिद्ध करता येत नाही म्हणून ती तीन वेळा एस.टी.चे भाडे खर्चून परत जाते.

माहिती व्यवस्थापन हे शास्त्र या ठिकाणी सुरू होते. माहिती कोणाकडून आणि कोणत्या प्रयोजनाने गोळा करावी, तिचे वर्गीकरण कसे करावे, काळ बदलला तरी ती वाचता येईल अशी कशी ठेवावी, ज्याची आहे त्याला ती वेळेवर कशी मिळावी आणि ज्याचा संबंध नाही त्याच्या हाती ती कशी पडू नये, हे त्याचे अभ्यासविषय. संगणकशास्त्र विहीर खोदण्याचे आणि पंप बसवण्याचे तंत्र शिकवते. पाणी कोणाच्या घागरीपर्यंत पोहोचते आणि कोणाची घागर रिकामी परत जाते, हा प्रश्न माहिती व्यवस्थापनाच्या वाट्याला येतो. पाण्याचा हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही.

या विषयाची परंपराही आपल्याला वाटते तितकी परकी नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. तेथे उपालींनी विनय सांगितला, आनंदांनी सुत्ते सांगितली आणि भिक्खुसंघाने ती एकत्र म्हणून निश्चित केली. उपाली हे पूर्वाश्रमीचे नापित होते, हे येथे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत हे सारे लेखनबद्ध होईपर्यंत ते पाठांतरानेच टिकले. ‘पिटक’ या शब्दाचा अर्थ पेटी किंवा टोपली. काय कोणत्या पेटीत ठेवावे आणि ते कोणी जतन करावे, याचा विचार त्या काळी इतक्या काटेकोरपणे झाला होता.

अलीकडच्या काळातील एक धागा बडोद्यातून जातो. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतले. बोर्डन यांनी राज्यभर सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारण्याचा आराखडा केला आणि १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालनाचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. भारतातील अशा प्रकारचा तो पहिला वर्ग मानला जातो. पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरवणारी फिरती ग्रंथालयेही तेथेच सुरू झाली. त्याच महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. त्याच कोलंबियात १८८७ मध्ये मेल्विल ड्युई यांनी ग्रंथपालनाचे जगातील पहिले विद्यालय उघडले होते. बाबासाहेब तेथे अर्थशास्त्र शिकण्यासाठी गेले आणि त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात तासन्‌तास बसले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अशा ग्रंथालयामागे एक स्वतंत्र शास्त्र उभे असते, हे मला पुष्कळ उशिरा समजले. तेच शास्त्र पुढे विस्तारत गेले. अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाने १९७४ मध्ये आपल्या ग्रंथालयशास्त्र विद्यालयाचे नाव बदलून माहिती अध्ययन विद्यालय असे ठेवले. इंग्लंडमध्ये शेफील्ड विद्यापीठात १९६३ मध्ये ग्रंथपालनाचे पदव्युत्तर विद्यालय स्थापन झाले. आज तेथे माहिती व्यवस्थापनाची पदवी दिली जाते. आपल्याकडेही छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात ग्रंथालय व माहितीशास्त्र विभाग आहे. ज्यांना परदेशी जाणे शक्य नाही, त्यांनी हा विषय दूरचा समजू नये.

आता अर्जाविषयी. शाळेतील धाकट्या भावंडांना उपयोग व्हावा म्हणून थोडे तपशिलाने लिहिते. पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, दोन शिफारसपत्रे, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, पारपत्र आणि स्वतः लिहिलेले उद्देशपत्र अशी सामग्री लागते. त्यांपैकी एक शिफारसपत्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे असावे. ज्यांनी आपले काम प्रत्यक्ष पाहिले आहे अशा वरिष्ठांचे दुसरे असले तर चालते. इंग्रजीच्या परीक्षेसाठी मी नांदेडहून रात्रीच्या गाडीने हैदराबादला गेले. ज्या शहरातून एके काळी आमच्या मुलखाचा कारभार चालत असे, त्या शहरात मी आमच्या घराण्यातून प्रथमच, आणि तेही परीक्षेला, जात होते. शिष्यवृत्तीचा विचार प्रवेशाबरोबरच करावा लागतो. भारत सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून सुरू आहे. तिच्यात ७५ विद्यार्थ्यांची निवड होते. विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान, वय, गुण आणि उत्पन्न यांच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

जातीचे प्रमाणपत्र माझ्याजवळ होते. जात वैधता प्रमाणपत्र मात्र आमच्या घरात कोणाकडेच नव्हते. पुढे कोठेही अडू नये म्हणून तेही काढण्याचे मी ठरवले आणि येथून अर्जाला निराळेच वळण लागले. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० हा मानीव दिनांक आहे. आपले पूर्वज त्या दिनांकापूर्वी कोठे राहत होते आणि त्यांची जात कोणती लिहिली गेली होती, याचा पुरावा शोधावा लागतो. माझ्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. त्यांच्या नावावर जमीन नव्हती. ज्याला जमीन नाही आणि शाळा नाही, त्याचे नाव त्या काळी कोणत्या वहीत असणार?

माहूर परिसरातील आपल्या सर्वांच्या कागदांचा एक विशेष आहे आणि तो फारसा कोणी समजावून सांगत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कारभाराची भाषा उर्दू होती आणि वर्ष फसली होते. पुढेही काही वर्षे हैदराबाद हे राज्य राहिलेच. किनवट तालुका, आणि त्यातच आपले माहूर, तेव्हा नांदेडला जोडलेले नव्हते. ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा किनवट तालुका आदिलाबादहून निघून मुंबई राज्यातील नांदेड जिल्ह्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. घर न हलवता आमच्या आजोबांनी तीन राज्ये आणि दोन जिल्हे पाहिले. त्यांच्या तरुणपणाचा एखादा महसुली कागद नांदेडमध्ये सापडला नाही, तर तो कधी नव्हताच असे म्हणता येत नाही. तो आज तेलंगणात असलेल्या आदिलाबादमध्ये असू शकतो.

याच काळात आणखी एक मोठी घटना घडली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. नागपूरची दीक्षा आणि राज्यपुनर्रचना यांच्यात अवघ्या अठरा दिवसांचे अंतर आहे. त्या अठरा दिवसांत आमच्या वस्तीचा धर्मही बदलत होता आणि जिल्हाही. आजच्या महाराष्ट्राच्या भूप्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. जनगणनेच्या एका रकान्यात माणसांनी स्वतःहून, जाणीवपूर्वक केलेला एवढा मोठा बदल मला तरी दुसरा ठाऊक नाही. परंतु त्या रकान्याची किंमतही मोजावी लागली. महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या कायद्यात अनुसूचित जातींमध्ये बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या चौतीस वर्षांत मुलाचे नाव शाळेत घालताना बाप दाराशी क्षणभर थांबत असे. ‘बौद्ध’ लिहावे तर केंद्राची सवलत जाते. जुनी जात लिहावी तर दीक्षेचा शब्द मोडतो. आमच्याच घरात थोरल्या काकांच्या दाखल्यावर एक लिहिलेले आहे, बाबांच्या दाखल्यावर दुसरे आणि आत्याच्या दाखल्यावर तिसरे. सेवा केंद्रात असे दाखले पाहून अनेक जण म्हणत, “गुरुजींनी चुकीचं लिहिलं.” मला तसे वाटत नाही. त्या तीन ओळींत एका कुटुंबाचा तीन वेळा केलेला विचार आहे.

शोधाचा पहिला दुवा आजीने दिला. तिच्या पेटीत खणाच्या कापडात बांधलेले कागद होते. त्यांत आजोबांच्या थोरल्या भावाच्या शाळेची एक जीर्ण चिठ्ठी निघाली. आजी म्हणाली, “हे कशाचे कागद हायेत ते मला ठावं नाही माय, पर तुझ्या आज्यानं जपलेत.” हा थोरला भाऊ दुसरीपर्यंत शिकला होता, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. त्या चिठ्ठीवरील गावाच्या नावाच्या आधाराने मी एका जुन्या प्राथमिक शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून प्रवेश-निर्गम रजिस्टर काढून दिले. ती वही उजवीकडून उघडावी लागते. डावीकडून उघडणाऱ्याला प्रथम कोरी पानेच दिसतात आणि वही रिकामी आहे असे वाटते.

नांदेडमधील एका सेवानिवृत्त उर्दू शिक्षकांनी ती पाने वाचून दिली. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. भिंग घेऊन ते एकेक ओळ वाचत आणि मी देवनागरीत उतरवून घेई. अकराव्या पानावर ते थांबले. मुलाचे नाव, बापाचे नाव, गाव, जात आणि दाखल झाल्याची तारीख : अमरदाद १३५६ फसली. फसली सालात ५९१ मिळवले की साधारण इसवी सन निघते आणि अमरदाद हा महिना जूनच्या सुमारास येतो. म्हणजे ही नोंद जून १९४७ ची. गुरुजी म्हणाले, “बेटा, ह्या वर्गात तुमच्या जातीचं हे एकच नाव आहे.” मी पूर्ण पान उतरवून घेतले. त्या मुलाला शाळेत कोठे बसवले होते, त्याने शाळा का सोडली, हे त्या वहीत नाही. शेवटच्या रकान्यात त्याचे नाव कमी केल्याची तारीख तेवढी आहे. त्या एका ओळीने ऐंशी वर्षांनंतर त्याच्या भावाच्या नातीला पुरावा मिळाला.

हे सर्व चालू असतानाच उद्देशपत्र लिहायचे होते. ‘हा विषय तुम्हाला का शिकायचा आहे?’ हा त्यातील मुख्य प्रश्न. हितचिंतकांनी दोन प्रकारचे सल्ले दिले. एकांचे म्हणणे असे की जात, वस्ती, गरिबी यांतले काही लिहू नकोस. संगणक, विदा, मोठ्या कंपन्या यांवर लिही, म्हणजे आधुनिक वाटेल. दुसऱ्यांचे म्हणणे याच्या उलट होते : जितके दुःख लिहिशील तितकी तेथील माणसे द्रवतील. दोन्ही सल्ले आपुलकीचे होते. तरीही मला वाटले की पहिल्या सल्ल्याप्रमाणे लिहिले तर मी कोण हे सांगायचे राहून जाईल आणि दुसऱ्याप्रमाणे लिहिले तर मला काय येते हे सांगायचे राहून जाईल. प्रवेश देणाऱ्यांना माझी दया यावी अशी माझी इच्छा नव्हती. एका अभ्यासविषयाचा प्रश्न मी ओळखला आहे आणि तो सोडवण्याची साधने मला हवी आहेत, एवढे त्यांना पटले तर पुरे होते.

म्हणून मी त्या वहीविषयी लिहिले. एकाच मुलाची नोंद उर्दूत, फसली सालात, आदिलाबाद जिल्ह्यात आहे. त्याच्या पुतण्याची मराठीत, इसवी सनात, नांदेड जिल्ह्यात आहे. आणि नातीची इंग्रजीत, संगणकावर आहे. या तीन नोंदी एकमेकींना ओळखत नाहीत. लिपी बदलली की नावाचे अक्षर बदलते, जिल्हा बदलला की कागदाचे घर बदलते, धर्म बदलला की रकान्यातील शब्द बदलतो. माणूस मात्र तोच असतो. हे तीन टप्पे जोडणारी अनुक्रमणिका कशी करावी, नावांची वेगवेगळी रूपे एकत्र कशी शोधावीत आणि हे करताना कोणाची जात चव्हाट्यावर येऊ नये याची काळजी कशी घ्यावी, हे मला शिकायचे आहे, असे मी लिहिले. निजामकालीन नोंदींचे मोल आता सर्वांनाच कळू लागले आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मराठवाड्यातील उर्दू आणि मोडी दप्तरे जागोजागी उघडली गेली. एका समाजासाठी उघडलेले दप्तर पुन्हा बांधून ठेवण्याआधी त्याची सर्वांना उपयोगी पडेल अशी सूची झाली पाहिजे. हे काम एकट्या शासनाचे नाही. त्यासाठी शिकलेली माणसे लागतात आणि ती त्या त्या भागातील असली तर बरे.

विद्यापीठाकडून प्रवेशाचे पत्र आले आहे. शिष्यवृत्तीच्या यादीची मी हे लिहीत असताना वाट पाहत आहे. यादीत नाव नसेल तर आमच्या ऐपतीत तो खर्च बसत नाही, हे येथे लपवण्याचे कारण नाही. बाबांनी एकदाच, तेही जेवताना, “बघू, काही तरी करू,” असे म्हटले आणि आईने विषय बदलला. त्यांच्या मजुरीचा हिशेब मला ठाऊक आहे. कर्ज काढून मी जाणार नाही, हे मी त्यांना सांगितले आहे. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याची विनंती करता येते, ती मी करीन आणि पुन्हा अर्ज करीन. तोवर सेवा केंद्रातील काम चालूच राहील.

आता शाळेला, माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना काही विनंती. पालकांनी मुलाचे नाव शाळेत घालताना प्रवेश रजिस्टरातील ओळ स्वतः पाहावी, वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावी. नावाचे स्पेलिंग, जन्मस्थळ, तालुका, जिल्हा, धर्म आणि जात हे शब्द पुढे साठ-सत्तर वर्षे उपयोगी पडणार असतात आणि मूल शाळा सोडून गेल्यावर त्यात दुरुस्ती करणे अत्यंत कठीण होते. घरातील जुन्या कागदांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. कोरड्या जागी, सुती कापडात सपाट ठेवावेत आणि त्यांची छायाचित्रे काढून किमान दोन नातेवाइकांकडे द्यावीत. वाचता येत नाही म्हणून कोणताही कागद टाकून देऊ नये.

शाळेच्या बाबतीत माझी सूचना अशी आहे. स्थापनेपासूनची सर्व प्रवेश-निर्गम रजिस्टरे आपल्या कार्यालयात आहेत. माहूर, किनवट, पैनगंगेपलीकडील गावे, तांडे आणि पाडे येथून आलेल्या शेकडो मुलामुलींपैकी पुष्कळ जण आपल्या घरातील पहिलेच शाळेत गेलेले. उद्या त्यांच्या नातवंडांना लागणारा सर्वांत जुना पुरावा आपल्या शाळेच्या वहीत असणार आहे. पावसाळ्यातील ओल आणि वाळवी त्याची वाट पाहत नाहीत. या रजिस्टरांची पानोपान छायाचित्रे काढावीत, नावांची अनुक्रमणिका करावी, एक प्रत शाळेबाहेर सुरक्षित ठेवावी आणि ज्याची नोंद त्यालाच किंवा त्याच्या वारसांनाच ती मिळेल असा नियम करावा. ती सर्वांसाठी खुली करू नये, कारण त्यात मुलांच्या जाती आणि जन्मतारखा आहेत.

हे काम सुरू करण्यासाठी येत्या उन्हाळी सुट्टीत पंधरा दिवस शाळेत येऊन राहण्याची परवानगी मी मुख्याध्यापकांकडे मागितली आहे. दोन संगणक आणि एक चांगला कॅमेरा मिळाला तर त्या अवधीत पहिली दहा वर्षे पूर्ण होऊ शकतील. नांदेडचे उर्दू गुरुजीही प्रकृतीने साथ दिल्यास दोन दिवस येणार आहेत. ज्यांच्या घरी न वाचता आलेले कागद असतील, त्यांनी ते त्या दिवसांत घेऊन यावेत. वाचून, उतरवून घेऊन मूळ कागद त्याच दिवशी परत दिले जातील.